सहावा तुकडा

आमच्याकडे माणूस येतो तो बरणीतून. अख्खा नाही, नखाएवढा, कधी तिळाएवढा. वरच्या मजल्यांवर डॉक्टर लोक त्याची विचारपूस करतात, त्याला जीभ दाखवायला सांगतात, त्याच्या बायकोला बसायला खुर्ची देतात. खाली तळघरात, आमच्या हिस्टोलॉजीच्या खोलीत, तो नंबर होतो. सत्तावीस वर्षं मी या नंबरांची सेवा करते आहे आणि त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तोंड असलेल्या माणसांशी माझं फारसं जमत नाही.

आधी काम सांगते, म्हणजे पुढची भानगड कळेल. बरणीतला तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरतो, मग रात्रभर मशीनमध्ये स्पिरिटच्या, झायलीनच्या आणि शेवटी वितळलेल्या मेणाच्या आंघोळी करतो आणि सकाळी मेणाच्या वडीत बसून आमच्यासमोर येतो. त्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉक बर्फावर गार करायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रात अडकवायचा आणि चाक फिरवून ब्लेडने त्याचे काप काढायचे. काप केसाहून कितीतरी पातळ. ते कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात सोडायचे, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद उचलायचे. मग त्यांना गुलाबी-जांभळा रंग द्यायचा आणि मॅडमकडे पाठवायचे. सूक्ष्मदर्शकातून बघून रोग आहे की नाही ते मॅडम सांगतात. पण त्यांना दिसतं ते आम्ही काचेवर ठेवतो तेवढंच.

आमच्या खोलीत पंखा लागत नाही. छताला आहे, पण त्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे, कारण एक झुळूक आली की काप उडतो आणि कुणाच्या तरी बाहीवर जाऊन बसतो. चाकावर बसलेल्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. ब्लेड बदलणाऱ्याला जो हाक मारेल त्याची गय नाही; माझ्या डाव्या अंगठ्यावर अशाच एका हाकेचे तीन टाके आहेत. चहा जिन्यात. हे सगळे नियम मी केलेले, म्हणून मला पाठीमागे फौजदार म्हणतात. पाठीमागे म्हणतात असं त्यांना वाटतं. मला सगळं ऐकू येतं.

सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक नवी मुलगी नोकरीला लागली. शांत, उंच, आणि कामात इतकी सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. प्रत्येक ब्लॉक झाला की ती कागदाची एक पट्टी घ्यायची आणि पाण्याच्या अंगावरून फिरवायची. कारण रास्त आहे. आधीच्या ब्लॉकचा एखादा कण पाण्यावर तरंगत राहिला तर तो पुढच्या माणसाच्या काचेवर चढतो. अशा आगंतुकाला आम्ही फ्लोटर म्हणतो, आणि त्याच्याइतकी आम्हाला कशाचीच धास्ती नसते. मीच कितीजणींना ती पट्टी फिरवायला शिकवलं आहे. पण सत्तावीस वर्षांनंतर पाणी स्वच्छ आहे की नाही हे नुसत्या नजरेने कळतं, दरवेळी कागद कशाला? मी दुपारपर्यंत साठ ब्लॉक काढते, ती तीस. मी तिचं नाव टिपकागद ठेवलं. तिने ते ऐकलं आणि नुसती हसली, त्याचाही मला राग आला.

त्या मंगळवारी सकाळी दहाला मॅडमनी बोलावलं. मॅडम माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, पण आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून मी त्यांना वचकून असते.

"ताई, बेचाळीस नंबर तुम्ही कापलाय ना?"

"काल मीच होते चाकावर. का? सुरकुत्या आहेत?"

"काप सुंदर आहे. पण मला सांगा, तुकडे किती होते?"

मी कागद बघितला. दुर्बीण घालून जठरातून काढलेले तुकडे, पाच. चौतीस वर्षांचा पुरुष, पोटात जखम, वजन उतरलेलं.

"पाच," मी म्हटलं.

"काचेवर सहा आहेत. पाचांत नुसती सूज आहे. सहावा एवढासा आहे, पण त्यात कॅन्सर आहे."

त्या खुर्ची फिरवून माझ्याकडे वळल्या. "खरा असेल तर या माणसाचं जठर काढावं लागेल. वर सर्जनसाहेबांनी शुक्रवारची वेळ धरूनही ठेवली आहे, त्यांना दुर्बिणीतून जखम बघूनच शंका आली होती. आणि खरा नसेल, दुसऱ्या कुणाचा कण असेल, तर आपण एका धडधाकट माणसाचं पोट कापायला लावतोय."

"माझ्या पाण्यात कचरा नसतो, मॅडम."

"मी पाण्याचं नाव घेतलं नाही. चिमट्याला लागून आला असेल, मेणात असेल, पाच तुकड्यांतल्या एकाचा मोडून सहावा झाला असेल. तो कुठून आला तेवढं मला कळायला हवं."

"पुन्हा दुर्बीण घालून तुकडे घ्या की."

"घेऊ. पण त्यात काही निघालं नाही, तरी साहेब म्हणणार, पहिल्यात होतं त्याचं काय? आणि त्यांचं म्हणणं चूक नाही."

मी तणतणत खोलीत परत आले आणि जो दिसेल त्याच्यावर घसरले. बरण्या आणणाऱ्या मामांना म्हटलं, तुम्ही झाकणं अदलाबदल केली असणार. मामा म्हणाले, झाकणाला काही तुकडे लागत नाहीत, आणि लागले तरी ते नंबर वाचून उड्या मारत नाहीत. मग मी टिपकागदकडे वळले. मेणात तुकडे बसवायचं काम सोमवारी तिचं होतं.

"चिमटा पुसत होतीस का मध्ये?"

"प्रत्येक वेळी, ताई."

"एखाद्या वेळी राहिलं असेल."

"नाही राहिलं," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, घड्याळात किती वाजले सांगावं तशी. मी कापणीची यादी काढून टेबलावर आपटली. रोज कोणता ब्लॉक कुणानंतर कापला ते त्या यादीवर खुणा करून दाखवायचं असतं. सोमवारची माझी यादी देखणी होती, एकपासून सत्तावन्नपर्यंत ओळीने बरोबरच्या खुणा. बेचाळीसच्या आधी एकेचाळीस, आणि एकेचाळीस म्हणजे कुणाचं तरी साधंसुधं पित्ताशय, खडे सोडले तर निर्दोष. म्हणजे पाण्यावर कॅन्सरचा कण राहायला आधी कॅन्सर तर हवा ना. मी ती यादी मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि मान ताठ करून परत आले.

मॅडमनी बेचाळीसचे आणखी काप मागितले. सहावा तुकडा मेणातच असेल तर खाली कुठेतरी पुन्हा दिसेल. आता हे बोलायला सोपं आहे. जठराचे ते पाच दाणे म्हणजे मुळात राईएवढे, त्यातला निम्मा भाग मी आदल्या दिवशी कापून काढलेला. चार-दोन फेरे जास्त फिरले की मेणाशिवाय काही हाती राहणार नाही, आणि मग त्या माणसाच्या रोगाचं खरंखोटं सांगणारं जगात काही उरणार नाही. मी चाकावर बसले. हात पुढे केला आणि बघितलं, तर बोटं थरथरत होती. भीतीने नाही, रागाने. मला माझा राग चांगला ठाऊक आहे. तो भांडणात उपयोगी पडतो, ब्लेडसमोर नाही.

"तू काप," मी टिपकागदला म्हटलं.

तिने डोळे मोठे केले. भांड्यातलं पाणी ओतून दिलं, भांडं घासलं, नवं पाणी भरलं, नवं ब्लेड लावलं. हॅन्डल अडकवून ठेवलं, ब्लेडवरचं लाल झाकण जागेवर आहे ना ते बोटाने चाचपलं. मला एरवी या सगळ्याचा कंटाळा येतो. त्या दिवशी बरं वाटलं.

पहिला काप निघाला तोच चुरगळून. तिने चाक थांबवलं.

"मेण मऊ आहे, ताई. परत बर्फावर ठेवते दहा मिनिटं." आणि ब्लॉक काढून बर्फावर ठेवता ठेवता तिने यादीवर लिहिलं: बेचाळीस, बर्फावर, नंतर.

त्या तीन शब्दांकडे मी बघतच राहिले.

मी सोमवारी हेच केलं होतं. बेचाळीस यंत्रात अडकवला, यादीवर बरोबरची खूण केली, कारण खूण मी ब्लॉक अडकवतानाच करून टाकते, तेवढाच वेळ वाचतो. काप चुरगळला. मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि बर्फावर टाकून त्रेचाळीस घेतला. मग चव्वेचाळीस. सत्तावन्न झाल्यावर हात धुवायला उठणार, तर बर्फावर हा एकटा बसलेला दिसला. पुन्हा बसले, काप काढले, त्याच पाण्यात सोडले. पट्टी फिरवली नाही. पाणी स्वच्छ दिसत होतं.

आणि सत्तावन्न म्हणजे मोठ्या आतड्यातली भली थोरली गाठ. नखशिखांत कॅन्सर. माझ्या डोळ्यासमोर उभी होती ती.

हे कुणालाही ठाऊक नव्हतं. त्या वेळी टिपकागद जेवायला गेली होती, मामा वर होते. यादी म्हणत होती एकेचाळीसनंतर बेचाळीस, आणि ती माझ्या हातची होती. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. बोलले नाही. चाकावरच्या माणसाशी बोलायचं नाही असा नियम आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तो नियम मला इतका सोयीचा कधीच वाटला नव्हता.

दहा मिनिटांनी तिने पुन्हा चाक फिरवलं. काय काप काढले त्या मुलीने. एकामागून एक, एकमेकांचा हात धरून, लांब रिबन. हवा कोरडी होती, अशा दिवशी काप अंगात आल्यासारखे उडतात, म्हणून आम्ही दोघी श्वास रोखून बसलो होतो. नववा काप ब्लेडवरून ब्रशवर आला आणि धाडकन दार उघडलं.

"तो जठराचा रिपोर्ट देताय की मी इथेच मुक्काम ठोकू?" सर्जनसाहेब होते. त्यांच्याबरोबर बाहेरचा वारा आत आला, काप ब्रशवरून उठला, हवेत एक गिरकी घेतली आणि थेट साहेबांच्या टायवर जाऊन चिकटला.

"साहेब, हलू नका," टिपकागद म्हणाली.

"काय झालं?"

"बोलूही नका. तुमच्या टायवर पेशंट आहे."

एवढा मोठा सर्जन, ऑपरेशनच्या खोलीत ज्याच्यापुढे सगळे चळचळा कापतात, तो हात अंगाला चिकटवून पुतळ्यासारखा उभा राहिला. श्वास रोखल्याने त्यांचा चेहरा हळूहळू टोमॅटो होत गेला. टिपकागदने ओल्या ब्रशच्या टोकाने काप उचलला, उजेडात धरला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"टाकलात?" साहेबांनी एकदाचा श्वास सोडला.

"टायवर आणखी कुणाकुणाचं काय असेल सांगता येत नाही, साहेब. हा काप आता भरवशाचा राहिला नाही."

साहेबांनी आपल्या टायकडे जरा अविश्वासाने बघितलं. मग दार पाठीमागे अगदी हळू ओढून घेत ते गेले. मामा जिन्यात पोट धरून हसत होते, ते आत ऐकू येत होतं. मलाही हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा ते तीन शब्द आठवले.

संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. हे घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे बारीक कामातल्या मोठ्या चुका त्यांना समजतात.

"नोकरी जाईल का?" त्यांनी विचारलं.

"नोकरी नाही जायची. तोरा जाईल."

"मग जाऊ दे की. घरात ठेवायला तशीही जागा नव्हती त्याला."

"थट्टा सुचतेय तुम्हाला. सत्तावीस वर्षं मी सगळ्यांच्या चुका काढल्या. आता कालची पोरगी मला हसणार."

"हसेल. आणि तो माणूस?"

"कोण माणूस?"

"बेचाळीस नंबर. त्याला चौतिसाव्या वर्षी पोटाशिवाय राहायचंय का, हे त्याला कुणी विचारलंय?"

मी पोळी तव्यावर टाकली आणि ती करपली. सत्तावीस वर्षांत नंबराला 'माणूस' म्हणायची सवयच लागली नव्हती. एकदा म्हटल्यावर मात्र तो डोक्यातून जाईना. मी त्याला एक खप्पड चेहरा देऊन टाकला, मिशा दिल्या, उतरलेल्या वजनाची सैल पँट दिली. तो रात्रभर खुर्चीवर बसून माझी वाट बघत होता.

बुधवारी सकाळी नव्या काचा रंगून तयार होत्या. मॅडमनी अकरा काप एकेक करून बघितले. मी दारात उभी होते.

"पाच," त्या म्हणाल्या. "सगळीकडे पाचच. सहावा कुठेही नाही. म्हणजे तो मेणात नव्हता असं वाटतं. पण वाटून भागत नाही, ताई. तो एवढासा होता, सोमवारीच कापून संपला असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही. यादीप्रमाणे त्याच्या आधी पित्ताशय. मग हा पाहुणा आला कुठून?"

फोन वाजला. साहेबच होते. त्यांचा आवाज मला दारातून ऐकू येत होता: शुक्रवार, सकाळी आठ, खोली धरलेली आहे. मॅडम म्हणाल्या, "मला थोडा वेळ द्या." तिकडून आणखी काहीतरी आलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"सत्तावन्न बघा," मी म्हटलं.

मॅडमनी फोनवर हात ठेवला. "काय?"

"सत्तावन्न नंबर. मोठं आतडं. यादी खोटी आहे. म्हणजे मी खोटी केली नाही, पण ती खरी नाही. बेचाळीस मी सगळ्यात शेवटी कापला, सत्तावन्नच्या पाठोपाठ, त्याच पाण्यात. कागद फिरवला नाही. खूण आधीच करून ठेवली होती. कालच लक्षात आलं आणि काल मी बोलले नाही. ते सगळ्यात वाईट केलं."

एका दमात बोलले. टिपकागद माझ्या मागेच उभी होती, हातात काचांचा ट्रे. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं आता जमीन फाटली तर बरं.

मॅडमनी फोनमध्ये सांगितलं, "साहेब, दहा मिनिटांनी करते," आणि ठेवून दिला. सत्तावन्नची काच मागितली, बघितली, मग बेचाळीसची सोमवारची काच लावली. पुन्हा सत्तावन्न. पुन्हा बेचाळीस. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दुसऱ्या माणसाने बघायची एक बाजू आहे. तिथे त्यांनी मला बसवलं.

"या पाचांकडे बघा. स्पष्ट दिसतात?"

"हो."

"आता सहावा."

सहावा अंधुक होता. त्यांनी बाजूची चकती जरासं बोट लावून फिरवली. सहावा लख्ख झाला आणि बाकीचे पाच धूसर झाले.

"कळलं? तो यांच्या रांगेत नाहीये. यांच्या वर बसलाय. चादरीवर येऊन बसलेल्या मांजरासारखा. काल मी हे बघितलं होतं, पण नुसत्या तेवढ्यावर साहेबांना कसं सांगू? वर बसलाय तर मालक कोण, हे दाखवायला हवं. आता दाखवते." त्यांनी सत्तावन्न लावली. "या पेशी बघा. उंच, काठीसारख्या, मध्ये हा मळका चिखल. ही मोठ्या आतड्याची चाल आहे, जठराची नव्हे. आणि आपला सहावा…"

मला त्यातलं अर्धंमुर्धं कळतं. पण दोन सख्ख्या भावंडांची नाकं ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तोच जांभळा, तीच काठीसारखी ओळ, तोच मळका चिखल. एकाच घरातले होते दोघे. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला तेव्हा तो ओला होता, आणि मी झायलीनच्या वाफेला दोष देऊन मोकळी झाले.

"सत्तावन्नचं काय?" टिपकागदने विचारलं.

"त्यांची गाठ पूर्ण निघाली आहे," मॅडम म्हणाल्या, "कडा स्वच्छ आहेत. त्यांचा एक दाणा आपल्याकडे राहिला होता, तेवढाच." आणि मग मॅडम हसल्या. अकरा वर्षांत मी त्यांना अशा खळखळून हसताना पाहिलं नव्हतं. "ताई, तुम्हाला ओरडायला हवं खरं तर. नंतर ओरडते. आत्ता मला फार बरं वाटतंय."

मलाही बरं वाटत होतं. बरं कसलं, नाचावंसं वाटत होतं. माझ्यावर आलेली नामुष्की एका बाजूला, आणि एका माणसाचं अख्खं जठर जागच्या जागी राहिल्याचा आनंद दुसऱ्या बाजूला, तुलनाच होईना. टिपकागद हसेल म्हणून मी घाबरले होते ना, ती हसलीच. पण तिने ट्रे खाली ठेवला आणि माझा हात धरला आणि आम्ही दोघी त्या अरुंद खोलीत वेड्यासारख्या हसत उभ्या राहिलो.

मॅडम घाई करणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी दोन्ही काचा शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या ओळखीच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे पाठवल्या. गुरुवारी दुपारी त्यांचंही उत्तर आलं: जठराशी याचा संबंध नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की त्या दिवशीचा टाय धुवायला टाकावा का. रिपोर्ट छापला गेला. जखम, सूज, कॅन्सर नाही, औषधं घ्यावीत आणि सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहावं.

रिपोर्ट वरच्या खिडकीत द्यायचं काम कारकुनाचं. त्या दिवशी मी तो त्याच्या हातातून घेतला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः खिडकीत जाऊन उभी राहिले. बेचाळीस नंबरला मिशा नव्हत्या. किडकिडीत, केस विस्कटलेले, शेजारी बायको, तिच्या मांडीवर मऊ भाताचा डबा. मला बघताच तो उठला आणि सुरूच झाला.

"मंगळवारी देणार होतात. आज गुरुवार आहे. तीन दिवस आम्ही दोघं इथे खेटे घालतोय, ही तीन दिवस झोपलेली नाही. तुम्ही लोक खाली झोपा काढता का?"

एरवी अशा माणसाला मी दोन वाक्यांत गप्प केलं असतं. मी रिपोर्ट पुढे केला. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मग बायकोने त्याच्या हातातून ओढून घेतला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे खरं ना?"

"खरं आहे," मी म्हटलं. "दोन ठिकाणी तपासलंय."

ती खाली बसली. तिने पदराने तोंड पुसलं, डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. त्याला मात्र काय करावं ते सुचेना, म्हणून तो पुन्हा माझ्यावरच चिडला. "पण मग तीन दिवस आमचा जीव टांगणीला का? तक्रार कुठे करायची?"

मी तक्रारीची वही काढून दिली. पेन दिलं. त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं: रिपोर्टला दोन दिवस उशीर, विनाकारण.

"विनाकारण खोडा," मी म्हटलं. "कारण होतं. तुमच्या काचेवर माझ्या चुकीने दुसऱ्या कुणाचा तरी कण आला होता, आणि त्यात कॅन्सर होता. तो तुमचा नाही हे सिद्ध करायला दोन दिवस लागले. नाहीतर उद्या सकाळी आठला तुमचं ऑपरेशन होतं."

बायकोचा हात डब्यावर थांबला. आता हा वही माझ्या डोक्यात घालणार अशा तयारीने मी उभी होते, आणि त्याने घातली असती तर मी तो मार निमूट खाल्ला असता.

"चूक तुम्ही केलीत," तो हळू म्हणाला.

"मी."

"शोधली कुणी?"

"आम्ही दोघींनी. काप तिने काढले. तिने काढले नसते तर मला आठवलंही नसतं."

त्याने 'विनाकारण' खोडलं. मग त्याने चूक लिहिली, जशी मी सांगितली तशी, एकही शब्द न गाळता, आणि खाली नवी ओळ सुरू केली.

"ही तक्रार नाही," तो म्हणाला, "पण वही एकच आहे ना? दोघींची नावं सांगा."

मी तिचं आधी सांगितलं.